चावून दाखव

मे संपत येतो, वळवाचे एक-दोन शिडकावे पडून जातात आणि ठाण्याच्या मार्केटमध्ये येऊरकडच्या बायका टोपल्या घेऊन बसायला लागतात. जांभळी नाक्यापासून आत शिरलं की रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या कागदावर ओळीने मांडलेल्या जुड्या दिसतात, वीतभर लांब, तपकिरी-जांभळट कोंब, टोकाला निमुळते, बुडाशी पांढुरके, त्यावर अजून ओली माती चिकटलेली. हीच शेवळं. ज्यांच्या घरात ही भाजी होत नाही त्यांना हे खायचं कसं असा प्रश्न पडतो आणि ज्यांच्या घरात होते ते जूनची वाट बघत असतात. आम्ही सीकेपी, त्यामुळे आमच्याकडे आंबा संपल्याचं दुःख शेवळांवर भागवतात. सोडे, म्हणजे वाळवलेली कोलंबी, घालून करा, ताजी कोलंबी घालून करा, खिमा घालून करा, शाकाहारी वार असेल तर चण्याची डाळ घालून करा, पण करायची. दोन-तीन आठवड्यांचा खेळ असतो, पाऊस नीट लागला की कोंब उमलतात, मग पानं येतात आणि शेवळं मार्केटमधून गायब होतात ती थेट पुढच्या वर्षीच.

शेवळांच्या शेजारीच हिरव्या कडक फळांचे छोटे वाटे ठेवलेले असतात, आवळ्याएवढी, चवीला आंबटढाण. ती काकडं. काकडांशिवाय शेवळं करायची नाहीत हा नियम आहे आणि तो इतका पक्का आहे की नवख्या गिऱ्हाईकाने नुसती शेवळं उचलली तर विकणारी बाईच हटकते, ताई, काकडं घेतली नाहीत, घसा धरेल.

घसा धरणं म्हणजे काय ते मला चौथीत असताना कळलं.

तेव्हा आम्ही ठाण्यातच जुन्या वाड्यात राहायचो, वर दोन खोल्या आणि मागे लांब गॅलरी. आई व्हीटीला नोकरीला, सकाळची लोकल गाठायची आणि संध्याकाळी परत, त्यामुळे दिवसभर घर आजीचं. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. वाड्यातल्या मुलांची क्रिकेटची टीम होती आणि तिचा कारभार दादाकडे होता. मला खेळायला घ्यायचे, पण कच्चा लिंबू म्हणून. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कच्च्या लिंबाला आऊट देत नाहीत, पण त्याचे रनही कोणी मोजत नाही. तो बॅट हातात घेऊन उभा राहिला तरी बाकीचे गप्पा मारत असतात. मी दोन सुट्ट्या तशा काढल्या होत्या आणि त्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात, मला त्याचा इतका त्रास व्हायला लागला होता की रात्री झोपताना सुद्धा तेच डोक्यात यायचं.

आजी शेवळं साफ करायला बसली की गॅलरीत जुना पेपर पसरायची, विळी घ्यायची, आणि आधी दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळायची. मग एकेक शेवळं घेऊन वरचं आवरण सोलून बाजूला टाकायचं, आत दांडा निघतो, त्या दांड्याच्या खालच्या बाजूला पिवळा दाणेदार पट्टा असतो तो कापून टाकायचा, तो सगळ्यात खाजरा, आणि उरलेला दांडा आणि सालीचा कोवळा भाग बारीक चिरायचा. हे सगळं ती आम्हाला लांब बसवून करायची. "हात लावायचा नाही, खाजेल" एवढंच सांगितलेलं. तेलाने माखलेलं तिचं मनगट आणि विळीच्या पात्यावरून खाली पडणारे ते जांभळट तुकडे मला आत्ता सुद्धा समोर दिसतात.

त्या दिवशी खाली घासलेटवाला आला. आजी हात पुसत, डबा घेऊन खाली गेली आणि दादाने पेपरवरचा एक तुकडा उचलला.

"हे चावून दाखव. गिळायचं नाही, नुसतं चावायचं. दाखवलंस तर उद्यापासून तू कच्चा लिंबू नाही."

मी म्हटलं आजी ओरडेल. तो म्हणाला, "बघ, म्हणूनच तू कच्चा लिंबू." झालं. ह्याच्यापुढे मला काही सुचलं नाही. मी तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि दाढेखाली धरून नीट चावला.

पहिले काही क्षण काहीच होत नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. कच्च्या बटाट्यापेक्षा वेगळी चव लागली नाही. मी जिंकले असं वाटलं, अजून दोनदा चावलं, आणि मग जिभेवर, गालाच्या आतून, टाळूला एकदम बारीक बारीक टोचायला लागलं. थुंकले तरी थांबेना. दादाने पळत जाऊन साखर आणली, मग पाणी आणलं, ते पाणी प्यायल्यावर टोचणं घशात उतरलं. जीभ जड झाली, लाळ गळायला लागली, आणि रडायला तोंड उघडलं तर आवाज भलताच घोगरा निघाला. दादाचा चेहरा पांढराफटक पडलेला मी बघितला. तो तेव्हा सातवीतला मुलगा होता. हातापायाला खाज सुटते एवढंच त्यालाही माहीत होतं, ह्याच्या पलीकडे काही होऊ शकतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

आजी वर आली आणि पेपरकडे एक नजर टाकून तिला सगळं कळलं. ओरडली नाही. बरणीतलं आमसुलाचं आगळ वाटीत ओतलं, माझ्या तोंडात धरायला लावलं, थुंकायला लावलं, परत धरायला लावलं. मग मला काखेत मारून गल्लीतल्या डॉक्टरांकडे. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि श्वास नीट चालतोय ना हे बघायला बराच वेळ समोरच्या बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत सूज उतरायला लागली, थंड दूध जायला लागलं. दुसऱ्या दिवशी दहीभात.

हे सगळं का होतं ते मी फार उशिरा वाचलं. शेवळं, सुरण, अळू, सगळी एकाच कुळातली. सुरण आणि शेवळं तर अगदी सख्खी, दोघंही अमॉर्फोफॅलस ह्या शास्त्रीय नावाच्या एकाच गटातली. ह्या झाडांच्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात आणि ते नुसते कण नसतात, दोन्हीकडे टोकदार सुया असतात, मायक्रोस्कोपखाली जुड्याच्या जुड्या बांधून ठेवलेल्या दिसतात. चावलं की पेशी फुटते आणि सुया बाहेर पडून जिभेत, घशात रुततात. म्हणजे मला टोचतंय असं वाटत नव्हतं, मला खरोखरच टोचत होतं. पाण्यात ते स्फटिक विरघळत नाहीत, म्हणून दादाने आणलेल्या पाण्याचा उपयोग झाला नाही. आपल्याकडच्या बायकांनी मायक्रोस्कोप न बघता ह्याच्यावर तोडगा काढून ठेवलाय, तेलात भरपूर परतायचं, नीट शिजवायचं आणि आंबट घालायचं. अळूच्या फदफद्यात चिंच, सुरणाला चिंच नाहीतर आमसूल, शेवळांना काकडं. आजीचं हाताला तेल चोळणं त्यातलंच. जाता जाता एक सांगून ठेवते, सोसायटीच्या लॉबीत आणि ऑफिसमध्ये शोभेसाठी ठेवतात ते हिरव्या-पांढऱ्या मोठ्या पानांचं डिफेनबॅकिया पण ह्याच कुळातलं, त्यातही ह्याच सुया. रांगती पोरं असलेल्या घरात ते खाली ठेवू नका. आणि कोणी चावलंच तर तोंड पुसून काढा, चूळ भरायला लावा, थंड काहीतरी द्या, मुद्दाम उलटी करवू नका, आणि आवाज बदलला किंवा श्वासाला त्रास वाटला तर घरच्या उपायांत वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल गाठा.

पण माझा घसा बरा झाला. मला ज्याची हळहळ आहे ती गोष्ट वेगळी आहे.

त्या दिवशी डॉक्टरांकडून आल्यावर आजीने विचारलं, कोणी दिलं तुला? दादा दाराशी उभा होता. मी म्हटलं, कोणी नाही, मीच घेतलं. दादाला वाचवायचं म्हणून बोलले असं म्हणता येईल, पण तेवढंच नव्हतं. त्याचं नाव घेतलं असतं तर मी परत कच्चा लिंबू झाले असते, चहाडखोर कच्चा लिंबू, आणि मग एवढं सगळं सोसलं ते फुकट गेलं असतं. आजीने परत विचारलं नाही.

संध्याकाळी आई आली. दिवसभराची दमलेली, लोकलमधून उभ्याने आलेली, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या हे ऐकलं. आम्ही आतल्या खोलीत होतो. आई स्वयंपाकघरात आजीला म्हणाली, "एवढी खाजरी भाजी, पोरं घरात असताना अशी पसरून ठेवून जायची काय गरज होती?" आई आजीला कधी उलट बोलायची नाही, त्यामुळे ते वाक्य जास्तच मोठं वाटलं. आजी म्हणाली, "चुकलंच माझं." एवढंच. दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे बघितलं, दोघंही उठलो नाही.

दादाने शब्द मात्र पाळला. मी बरी होऊन खाली गेले तेव्हा त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की आजपासून हिची विकेट धरायची आणि रनही धरायचे. त्या दिवशी मी आऊट झाले आणि मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू, तो आनंद खरा होता, आणि त्यामुळेच हे प्रकरण मनात नीट कुठल्या कप्प्यात ठेवता येत नाही.

पुढच्या जूनमध्ये शेवळं घरात आली नाहीत. त्याच्या पुढच्या जूनमध्ये पण नाहीत. शेजारच्या काकूंनी विचारलं तर आजी म्हणायची, पोरांना सोसत नाही. बाबांचा जीव होता शेवळांवर, ते कल्याणला आत्याकडे जाऊन खाऊन यायचे, कधी आजी पण जायची त्यांच्याबरोबर. स्वतःच्या स्वयंपाकघरात जिने आयुष्यभर ती भाजी केली ती बाई लेकीच्या घरी पाहुणी म्हणून जाऊन ती खायची. खूप वर्षांनी, आम्ही कॉलेजला गेल्यावर, तिने परत एकदा करून बघितली, तेव्हा मी ताटात घेतली नाही. घशाची भीती होती. आजी म्हणाली, राहू दे, नको असेल तर. त्यानंतर तिचे हात थरथरायला लागले, विळी सुटली, आणि मग ती गेली. तिच्या हातची शेवळं मला आठवतात ती लहानपणीची, भातावर घातलेला चमचाभर रस्सा आणि सोड्याचा एखादा तुकडा. मोठेपणी, चव कळायला लागल्यावर, मी ती कधी खाल्लीच नाहीत.

भावंडांनी लावलेली पैज आणि मित्रांनी लावलेली पैज ह्यात मला खूप फरक वाटतो. मित्राला तुमचा दुखरा भाग कुठला ते अंदाजाने शोधावं लागतं. भावाला तो माहीत असतो, त्याच्याच शेजारी तो तयार झालेला असतो. दादाला दुसरं कुठलंही आमिष दाखवून माझ्याकडून ते करवून घेता आलं नसतं, चॉकलेट नाही, पैसे नाहीत. आणि दुसऱ्या बाजूने, भावाने दिलंय म्हणजे फार काही वाईट होणार नाही हा भरवसा पण असतोच. धाक आणि भरवसा दोन्ही एकाच माणसाकडून येतात, मग नाही कसं म्हणणार? त्यात पैज खाण्याची असली की अजून अवघड, कारण झाडावर चढायला निदान वेळ लागतो, मधे विचार बदलता येतो. खायचं काय, तोंडात टाकलं की झालं.

गेल्या दिवाळीत दादाच्या घरी जमलो होतो. आई चकलीच्या भाजणीत हात घालून बसलेली, मी सोऱ्या धुवत होते, आणि हॉलमध्ये भाच्याने फोन उभा करून व्हिडिओ सुरू केला होता. समोर त्याची धाकटी बहीण, तिच्या हातात चमचा आणि टेबलावर भूत जोलोकियाच्या सॉसची बाटली, कोणीतरी गिफ्ट दिलेली. भूत जोलोकिया म्हणजे २००७ मध्ये जगातली सर्वात तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात गेलेली आपली ईशान्येकडची मिरची, तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात १० लाखांच्या वर. भाचा म्हणत होता, "पूर्ण चमचा, पाणी न पिता, हिंमत असेल तर."

दादा किचनमधून कसा पोचला ते मला दिसलं पण नाही. त्याने तिच्या हातातला चमचा काढून घेतला, बाटली घेतली, सिंकमध्ये उपडी केली. पोरं रडायला लागली, हे काय बाबा, सगळे करतात, तिखटच तर आहे. त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. मिरचीची आग ही नेहमीच्या प्रमाणात खरी जखम नसते, तिखटातलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांना चाळवतं आणि भाजलं असं मेंदूला वाटतं, दूध प्यायलं की दुधातलं केसिन ते धुऊन नेतं. पण प्रमाण गेलं की सगळं गेलं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १४ वर्षांचा एक मुलगा अशाच एका चॅलेंजची अतितिखट चिप खाऊन त्याच दिवशी गेला. पुढे शवविच्छेदनात त्याच्या हृदयाचा जन्मजात दोष पण निघाला, जो घरी कोणाला माहीत नव्हता. कंपनीने ती चिप दुकानांतून काढून घेतली. आणि सिडनीचं ते प्रकरण तर वाचवत नाही, २०१० मध्ये मित्रांमध्ये बसलेला १९ वर्षांचा मुलगा, पैजेवर एक गोगलगायीच्या जातीचा बिनशंखाचा किडा गिळला, त्यातून उंदरांच्या फुफ्फुसातला परजीवी जंत मेंदूत गेला, वर्षाहून जास्त काळ कोमात, मग अंग लुळं, आणि २०१८ मध्ये गेला. चमचा पुढे करणाऱ्याला समोरच्याच्या शरीरात काय आहे ते माहीत नसतं, खाणाऱ्याला पण नसतं.

दादाने पोरांना हे काही सांगितलं नाही. तो खाली बसला आणि त्याने शेवळांची गोष्ट सांगितली. घासलेटवाल्यापासून. कोणी तुकडा उचलला, काय बोलला, कच्चा लिंबू, सगळं. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी ती आपापसात सुद्धा पूर्ण बोललो नव्हतो. मी सोऱ्या हातात घेऊन उभी राहिले. मला आधी लक्षातच आलं नाही की आई ऐकतेय.

आई भाजणीचा हात तसाच धरून दारात आली. दादाकडे बघून म्हणाली, "तू दिलं होतंस?"

दादा हो म्हणाला.

"मग मी त्यांना बोलले ते?"

कोणीच काही बोललं नाही. आई परत आत गेली, भाजणी मळायला घेतली, आणि मग मळता मळता बोलत राहिली, आमच्याकडे न बघता, की लग्न होऊन आल्यापासून मी सासूबाईंना एकदाच असं बोलले होते, एकदाच, आणि त्या चुकलंच माझं म्हणाल्या तेव्हा नाही हो, तुमचं कशाला, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं, पण मला तेव्हा वाटत होतं की माझं बरोबर आहे. आम्ही लपवलं त्यात आजी अडकली एवढंच मला इतकी वर्षं माहीत होतं. आई पण त्यात अडकली होती हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. आजीला सांगायला हवं होतं असं मी मनात हजारदा म्हटलंय, आणि आई तर इथेच होती, रोज फोनवर बोलत होती, तिला सांगायला कोणी अडवलं होतं?

दादाने आईची माफी मागितली, मी पण मागितली. आई म्हणाली, "मला काय सांगताय," आणि थोड्या वेळाने, "चकल्या तळायला कोण बसतंय?"

ह्या जूनमध्ये आईनेच फोन केला, शेवळं आलीत का बघ. मी जांभळी नाक्यावरून चार जुड्या आणि काकडं घेतली, सोडे दादाने आणले. भाचा-भाचीला तिने दोन्ही हातांना तेल लावून समोर बसवलं, आवरण कुठलं, दांडा कुठला, पिवळा पट्टा कुठून कापायचा, सगळं दाखवलं, आणि हे असंच्या असं तोंडात गेलं तर काय होतं ते माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं. मी जेवायला घेतली. पहिला घास भीत भीत, मग नीट. चव चांगली होती, घशाला किंचित, अगदी किंचित धरलं. आईच्या मते काकडं कमी पडली, दादा म्हणतो परतताना घाई झाली, आणि त्यावरून दोघांचं अजून चालू आहे.